पूल उठून जायचा ते पुस्तक

नाव आठवत नाही. लेखक तर नाहीच.
मुखपृष्ठ त्याला नव्हतं, खाकी कागद होता
तंबाखूच्या पुड्याचा, खळीनं डकवलेला.
उघडलं की आधी शिंक यायची
आणि मग गोष्ट.

गोष्टीत एक पूल होता.
गाव झोपलं की दगडी गुडघ्यांवर हात टेकून उठायचा
आणि जिला पूल नाही अशा एखाद्या नदीकडं चालत जायचा.
पहाटे परत. पायांना परक्या गावचा चिखल.
हे ठाऊक फक्त एका मीठवाल्याला,
कारण त्याचं गाढव एकदा पुलावरच झोपलं होतं
आणि तीन नद्या हिंडून आलं होतं.

एवढंच आहे माझ्याकडं.
आणि एक चित्र : गाढवाचे कान, मागं चंद्र,
चंद्राला कुणीतरी पेनानं काढलेली मिशी.

निपाणीच्या वाचनालयात बाबगोंडा मास्तर म्हणाले,
बालविभाग वाळवीनं वाचून संपवला.
तरी रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेले :
पुरणकथा, पुष्पमाला, पूल कसे बांधतात,
पुलावाचे पंचवीस प्रकार.
पुलावापाशी आम्ही दोघंही थांबलो.

चिकोडीच्या रद्दीवाल्यानं पोत्यावर बसवून चहा पाजला.
बेळगावात खडेबाजारात एकानं
अभियांत्रिकीचं जाडजूड काढून दिलं, पूल आहे म्हणाला.
शाळेतल्या मालूताईला फोन केला तर,
काय हुडकालीस गं या वयात,
गुडघ्याचं औषध हुडक.

मग यमगर्णीला कल्लव्वा भेटली,
आईच्या शेजारी बसून बिडी वळायची ती.
मांडीवर सूप नाही तरी बोटं अजून पान दुमडतात.
ते होय, म्हणाली, ते आमच्या चन्नीचं.
कन्नड शाळेचं.

कन्नड?
मी तर वाचलं होतं ते. पानं उलटली होती.
अक्षरं गोल गोल होती हे खरं,
पण मला वाटायचं, लहान मुलांच्या पुस्तकात
अशीच असतात.

चन्नव्वा दावणगेरेला असते, सुनेनं फोन जोडून दिला.
शेडमध्ये बायका वळत बसायच्या तेव्हा
ती डोळ्यांनी कन्नड वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची,
नऊ वर्षांची पोर, मध्ये श्वाससुद्धा न घेता.
मी म्हटलं, तो पूल, चन्ने, रात्री उठून जायचा तो.
पलीकडं बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
पूल कुठला गं?
त्यात गाढव होतं आणि मीठ. मीठ पाण्यात विरघळतं, संपलं.
पण तू सारखी विचारायचीस, पुढं काय, पुढं काय.
मग मी घातला असंल.

आणि शेवट? शेवट काय घातला होतास?
शेवट कुठला, छाटवाला यायचा की.
वाकड्या बिड्या फेकायचा, बायका भांडायच्या,
गोष्ट तिथंच.
नसंल आठवत तर हुडक, म्हणाली.
कन्नडात म्हणाली की मराठीत, मला कळलं नाही,
तो शब्द दोन्हीकडं एकच आहे.

येताना वेदगंगेच्या पुलावर गाडी अडकली,
ऊसाचा ट्रॅक्टर बंद पडला होता.
पाऊण तास. खाली पाणी, वर आम्ही,
आणि पूल जागचा हलला नाही.

मास्तरांनी विचारलं, सापडलं का?
म्हटलं, लिहून ठेवा, पुलावाच्या वर जागा आहे.
लेखकाच्या रकान्यात चन्नव्वा लिहिलं.
भाषेच्या रकान्यात ते थोडे घुटमळले,
मीही काही बोलले नाही.
सध्या पुस्तक बाहेर गेलंय म्हणता,
मग परतीची तारीख?

पहाटे, म्हटलं.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं
आणि पेन्सिलीनं लिहिलं. पेन चालत नव्हतं.